गाडीतल्या अँपला (अँप्लिफायरला) मेन फ्यूज कितीचा टाकावा? ६० की १००?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. माझी बलेनो आहे. कंपनीचा डेक तसाच ठेवून मागे डिकीत दोन अँप बसवायचे आहेत. एक चार चॅनलचा, क्लास एबी, ६० वॅट आरएमएस (सतत देता येणारी पॉवर) गुणिले चार. दुसरा मोनो (एकाच चॅनलचा), क्लास डी, ५०० वॅट आरएमएस, त्यावर बारा इंची वूफर. चार चॅनलच्या अंगावर २५-२५ चे दोन ब्लेड फ्यूज आहेत, मोनोच्या अंगावर ३०-३० चे दोन.

दुकानदाराने वायरिंगचं किट दिलंय. पाकिटावर "८ गेज, १५०० वॅट" असं छापलंय. सोबत काचेचा जाडा फ्यूज आहे, ६० अँपियरचा. बॅटरीपासून डिकीपर्यंत साधारण पाच मीटर वायर जाईल.

आता गोंधळ असा आहे की एकजण म्हणतो ६० चा पुरे. दुसरा म्हणतो १०० च्या खाली टाकू नका, गाणं वाजताना उडेल. तिसऱ्याने सांगितलं की अँपला स्वतःचे फ्यूज असतात, बाहेर वेगळा लावायची गरजच नाही. गाडीत लहान पोरं असतात, त्यामुळे अंदाजपंचे काही करायचं नाही. नीट हिशोब कुणी समजावून सांगेल का?

वायरिंगकाका (परभणी)

भाऊ, कितीचा ते नंतर बघू. आधी सांगा, फ्यूज बसवणार कुठं हाव?

तुम्ही उत्तर द्यायच्या आत मीच सांगतो, कारण निम्म्या गाड्यांत तो डिकीत, अँपच्या शेजारी लावलेला असतो. तिथं दिसायला चांगला दिसतो, बदलायला सोपा पडतो. पण डिकीत आग लागायची शक्यता कमी असते. वायर घासती कुठं? बॉनेटमधून आत येताना पत्र्याच्या भोकात, पायपुसणीखाली, सीटच्या रुळाखाली. तिथं इन्सुलेशन फाटून प्लसची वायर बॉडीला टेकली की बॅटरी आपली सगळी ताकद त्या वायरीत ओतती. काहीशे अँपियर. अँपच्या अंगावरचा फ्यूज त्या वाटेवर येतच नाही, तो शेवटच्या टोकाला बसलेला असतो. त्याला काही कळत नाही आणि इकडं वायर लालभडक होऊन कार्पेट पेटतं.

म्हणून त्या तिसऱ्याचं ऐकू नका. अँपवरचा फ्यूज अँपच्या आतल्या बिघाडासाठी. बॅटरीजवळचा फ्यूज वायरसाठी. दोन्ही लागतात.

मेन फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून दीड फुटाच्या आत. जितका जवळ तितका चांगला, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधली वायर उघडी राहती, तिला कुणाचंच संरक्षण नसतं. समोरून गाडी ठोकली तर सगळ्यात आधी तोच भाग दबतो.

प्रवाहिनी (छत्रपती संभाजीनगर)

काकांनी मुद्द्याचं सांगितलं. मी इलेक्ट्रिकल शिकवते, म्हणून आकड्यांचा भाग मांडते.

मेन फ्यूजच्या आकड्याला दोन हद्दी असतात. खालची हद्द म्हणजे तुमचे अँप जास्तीत जास्त किती करंट ओढतील. वरची हद्द म्हणजे तुमची वायर किती करंट न तापता सोसेल. फ्यूज या दोघांच्या मधे बसला पाहिजे. मधे जागाच उरत नसेल तर वायर बारीक आहे असं समजायचं आणि वायर बदलायची. फ्यूज वाढवायचा नाही.

खालची हद्द काढू. अँप जेवढे वॅट स्पीकरला देतो त्यापेक्षा जास्त बॅटरीकडून घेतो, उरलेलं उष्णतेत जातं. क्लास एबीची कार्यक्षमता साधारण ५५ टक्के धरा, क्लास डीची ८० टक्के. इंजिन चालू असताना व्होल्टेज १३.८ धरा.

चार चॅनल: २४० वॅट भागिले ०.५५, म्हणजे ४३६ वॅट. भागिले १३.८, म्हणजे साधारण ३२ अँपियर.
मोनो: ५०० भागिले ०.८, म्हणजे ६२५ वॅट. भागिले १३.८, म्हणजे साधारण ४५ अँपियर.
दोन्ही मिळून ७७.

इंजिन बंद करून वाजवलं आणि व्होल्टेज १२ वर आलं, तर ज्या अँपचा पॉवर सप्लाय रेग्युलेटेड असतो तो तेवढीच पॉवर देण्यासाठी करंट जास्त ओढतो. तेव्हा हाच आकडा ८८ पर्यंत जातो. म्हणजे ६० चा फ्यूज पूर्ण आवाजाला कमीच पडणार. हळू वाजवलं तर चालेल, पण तुम्ही बारा इंची वूफर हळू वाजवायला घेतलेला नाही.

वरच्या हद्दीसाठी आता तुमच्या वायरबद्दल सांगा. पाकिटावर "सीसीए" असं कुठे छापलंय का?

मांजराकाठ (लातूर)

ताई, बारीक अक्षरात सीसीए लिहिलंय खरं. वायर हातात घेतली तर फार हलकी लागते. टोक सोललं तर आतून तांब्यासारखीच दिसते.

वायरिंगकाका (परभणी)

तांब्यासारखी दिसती, पण तांब्याची नाही. आतून अ‍ॅल्युमिनियम, वरून तांब्याचा पातळ थर. बघायचं असेल तर एक बारीक तार वेगळी काढा आणि ब्लेडनं खरवडा. आत चंदेरी निघालं की समजा. लायटरच्या ज्योतीत धरून बघा, तांब्याची तार लाल होऊन टिकती, ही गळून पडती. एक ध्यानात ठेवा, कलई केलेली तांब्याची वायर वरून चंदेरी आणि आतून तांबडी असती, ती चांगली वायर. तिला फेकून देऊ नका.

आणि गेजच्या नादाला लागू नका. आमच्या वेळी गेज म्हणजे एसडब्ल्यूजी, ब्रिटिश मोजणी. तिच्यात ८ नंबर म्हणजे साधारण १३ स्क्वेअर (स्क्वेअर एमएम). बाहेरून येणाऱ्या किटवर एडब्ल्यूजी, अमेरिकन मोजणी असती, तिच्यात ८ नंबर म्हणजे ८.४ स्क्वेअर. आणि किट स्वस्त असेल तर रबरच जाड, आत वायर अजूनच बारीक. दुकानात सरळ "किती स्क्वेअर एमएम?" विचारा.

प्रवाहिनी (छत्रपती संभाजीनगर)

काकांच्या स्क्वेअरच्या मुद्द्याला जोडून, वायर मोजायची सोपी रीत. आतल्या एका तारेचा व्यास मायक्रोमीटरने मोजा आणि तारा मोजा. ०.२ मिलिमीटरच्या तारेचं क्षेत्रफळ ०.०३१४ स्क्वेअर एमएम असतं. खरी ८ एडब्ल्यूजी असेल तर अशा साधारण २६५ तारा निघायला हव्यात. बऱ्याच किटमध्ये त्या निम्म्याही निघत नाहीत.

आता तुमच्या वायरचा हिशोब. ८.४ स्क्वेअर शुद्ध तांब्याच्या पाच मीटरचा रोध साधारण ०.०१ ओहम. ७७ अँपियर गेले तर त्यातच ०.८ व्होल्ट पडतो आणि वायरीत ६० वॅटची उष्णता तयार होते. सीसीएचा रोध तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्त, म्हणजे सव्वा व्होल्ट गळाला आणि कार्पेटखाली जवळपास ९५ वॅटचा हीटर लागला. मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी आधीच आतून किती तापलेली असते ते तुम्हाला माहीत आहे.

८ एडब्ल्यूजी तांब्याला जास्तीत जास्त ६० चा फ्यूज धरतात. सीसीएला त्याहून कमी, मी ४० च्या वर जाणार नाही. तुमची गरज ७७ ची. खालची हद्द वरच्या हद्दीच्या वर गेली. म्हणून ६० की १०० हा प्रश्न या वायरीवर सुटतच नाही. या वायरीला दोन्ही चूक.

नांदेड_बेस (नांदेड)

ताईंचं गणित बरोबर आहे, पण एक अडचण मांडतो. मी बरेच सिस्टीम बसवलेत. बेसचा ठोका पडतो तेव्हा करंट सरासरीच्या कितीतरी वर जातो. मोनोला एक ओहमवर चालवलं तर त्या क्षणी १२० सुद्धा ओढेल. म्हणून मी १५० चाच टाकतो. फ्यूज सारखा उडायला लागला की गिऱ्हाईक वैतागतं आणि मग तो स्वतःच काहीतरी तार गुंडाळतो. त्यापेक्षा मोठा टाकलेला बरा नाही का?

प्रवाहिनी (छत्रपती संभाजीनगर)

काळजी रास्त आहे, पण फ्यूज तसा वागत नाही.

फ्यूजवर १०० लिहिलंय म्हणजे १०१ ला तो तुटतो असं नाही. आतली पट्टी तापून वितळावी लागते आणि तापायला वेळ लागतो. साध्या ब्लेड फ्यूजचं उदाहरण घ्या. त्याच्या आकड्याच्या ११० टक्के करंटला तो १०० तास टिकला पाहिजे अशी अट असते. दुप्पट करंटला पाच सेकंदांच्या आत उडाला पाहिजे. साडेतीन पटीला अर्ध्या सेकंदाच्या आत. एएनएल फ्यूजची (बोल्टने आवळायचा मोठा फ्यूज) पट्टी जाड, तीही थोड्या वेळाच्या धक्क्याला लगेच दाद देत नाही. तुमचा बेसचा ठोका सेकंदाच्या एका तुकड्याचा. १०० च्या फ्यूजवर १२० चा ठोका पडला आणि लगेच उतरला तर त्याला काही होत नाही. शॉर्ट झाल्यावर मात्र करंट काहीशे अँपियर होतो आणि उतरत नाही, तिथे तो उडतो.

फ्यूज हे धरणाच्या सांडव्यासारखं असतं. भिंतीला धोका होण्याआधी सांडव्यातून पाणी निघून जातं, तसा वायरीला धोका होण्याआधी फ्यूज उडतो.

आणि संगीताचा सरासरी करंट पूर्ण पॉवरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच असतो, बऱ्याचदा त्याहून कमी. ७७ हा सतत वाजणाऱ्या एकसुरी टेस्ट टोनचा आकडा आहे, गाण्याचा नाही. तरीही फ्यूज सारखा उडत असेल तर काहीतरी बिघडलंय असं धरा. स्पीकरची वायर दरवाज्यात दबलीय, किंवा अँपला परवडत नाही तितक्या कमी ओहमचा लोड जोडलाय, किंवा गेन (अँपवरचं सिग्नल वाढवायचं बटण) पूर्ण पिळून सिग्नल क्लिप होतोय, म्हणजे आवाज फाटतोय. तो दोष शोधायचा. १५० चा टाकलात की तो दोष दिसेनासा होतो, जात नाही.

नांदेड_बेस (नांदेड)

वेळेचा मुद्दा पटला. पण मी १५० टाकतो ते वायर २५ स्क्वेअर असते म्हणून. तिच्याहून किंचित बारीक असलेल्या ४ एडब्ल्यूजीलाही १५० पर्यंत चालतो असं कार ऑडिओच्या बऱ्याच तक्त्यांत आहे.

प्रवाहिनी (छत्रपती संभाजीनगर)

तक्त्यात आहे, बरोबर. तो तक्ता चांगल्या प्रतीच्या तांब्याचा, जास्त तापमान सोसणाऱ्या इन्सुलेशनचा आणि चढउतार असलेल्या संगीताच्या करंटचा आहे. आपल्याकडे इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी २५ स्क्वेअरची मल्टिस्ट्रँड वायर घरगुती कामाची असते, पीव्हीसी ७० अंशांपर्यंतचं. कंड्यूटमधून सतत करंट जाणार असं धरून तिच्या तक्त्यात आकडा शंभरच्या आत दिलेला असतो. त्या वायरीवर १५० टाकायला माझं मन होत नाही. १०० टाकते. गरज ७७ ची, इंजिन बंद असताना ८८ ची. १०० मधे सगळं बसतं, मग ५० अँपियर मोकळे सोडायचे कशाला?

८० चा का नाही असंही कुणी विचारेल. फ्यूजचा आकडा साधारण २५ अंश तापमानाला ठरवलेला असतो. परभणी-नांदेडला उन्हाळ्यात बाहेरच ४३ असतं, बॉनेटखाली ६० च्या वर. गरम जागेतला फ्यूज लिहिलेल्या आकड्याच्या आधी उडतो. म्हणून सतत जाणारा करंट फ्यूजच्या ७५ टक्क्यांच्या आसपास ठेवायचा. ७७ भागिले ०.७५ म्हणजे जवळपास १०० च.

मांजराकाठ, तुमचं उत्तर: २५ स्क्वेअर शुद्ध तांबं आणि १०० चा एएनएल. या वायरीत पूर्ण पॉवरला पाव व्होल्टच्या थोडं वर गळती होईल.

औंढा_रायडर (हिंगोली)

मधेच विचारतो. घरी ६३ अँपियरची एमसीबी पडून आहे. ती लावली तर? उडाली की परत वर केली, फ्यूज आणायची कटकट नाही.

प्रवाहिनी (छत्रपती संभाजीनगर)

नको. घरातली एमसीबी एसीसाठी बनवलेली असते. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि संपर्क उघडताना उठणारी ठिणगी तिथेच विझते. डीसी शून्यावर येतच नाही. १२ व्होल्टला ठिणगी लहान असते हे मान्य, पण सी प्रकारची ६३ ची एमसीबी झटक्यात पडण्यासाठी एसीवरसुद्धा तिच्या पाच ते दहा पट करंट लागतो, डीसीवर आणखी जास्त. त्यात गाडीचे हादरे आणि बॉनेटची उष्णता. गाडीसाठी बनवलेले रीसेट होणारे ब्रेकर मिळतात, चांगल्या कंपनीचे असतील तर चालतात. स्वस्तातले स्वतःच इतके तापतात की वितळलेले हातात येतात. किटकॅटचा (घरातला तार बांधायचा फ्यूज) विचारही करू नका. त्यातली तार तिच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट करंटला वितळते.

वायरिंगकाका (परभणी)

आता फ्यूजच्या जातीवर बोलतो, कारण नुसता आकडा बरोबर असून भागत नाही.

काचेचा जाडा फ्यूज, ज्याला एजीयू म्हणतात, तो मी काढून टाकतो. होल्डरमधे त्याची दोन टोपणं स्क्रूनं नाहीतर पत्रीनं दाबलेली असतात. रस्ता आपला कसा आहे ते सांगायला नको. हादऱ्यानं पकड सैल होती, सैल जागा तापती, आणि होल्डरचं प्लॅस्टिक विरघळतं. गंमत अशी की फ्यूज साबूत राहतो. म्हणजे करंट जास्त झालाच नव्हता, सांधा खराब होता.

ब्लेड फ्यूज ३०-४० अँपियरपर्यंत एक नंबर. रंग पाठ करून ठेवा: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा पारदर्शक, ३० हिरवा. त्याच्या वर मॅक्सी, म्हणजे मोठा ब्लेड. ६० च्या वर गेलात की बोल्टवाला घ्या, मिनी एएनएल किंवा एएनएल. दोन बोल्टमधे पट्टी आवळली की हालत नाही.

आवळताना एक गोष्ट. थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचा भोकाचा धातूचा तुकडा) थेट फ्यूजच्या पट्टीला भिडलं पाहिजे. बरेच जण वॉशर मधे घालतात आणि सगळा करंट वॉशरमधून जातो. क्रम असा: खाली फ्यूज, त्यावर थिंबल, त्यावर साधा वॉशर, स्प्रिंग वॉशर, मग नट.

थिंबल हातोडीनं ठोकू नका. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं नाहीतर पॅनल बनवणाऱ्याकडं हायड्रॉलिक क्रिम्पर असतो, दहा-वीस रुपयात दाबून देतो. वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी प्लॅस्टिकची नळी.

आणि नकली फ्यूजपासून सांभाळा. बाजारात दोन रुपयाचे ब्लेड फ्यूज येऊलालेत, त्यांच्यात पट्टी जस्ताची नसून भलतीच असती. ३० लिहिलेला ६० ला सुद्धा उडत नाही. मी नवीन पाकीट आणलं की त्यातला ५ चा एक बळी देतो. एच-फोर हेडलाइटचा बल्ब घेतो, दोन्ही फिलामेंट एकदम लावतो, साधारण १० अँपियर ओढतंय ते. ५ चा फ्यूज पाचएक सेकंदात उडाला पाहिजे. निवांत बसला की त्या कंपनीचा माल परत.

मांजराकाठ (लातूर)

फार उपयोगी माहिती मिळतेय. किट परत दिलं. २५ स्क्वेअर घेतोय. आता डिकीत एक वायर येणार आणि दोन अँप आहेत. तिथे नुसतं वायर फोडून दोघांना दिली तर चालेल ना? पुढे १०० चा फ्यूज आहेच.

वायरिंगकाका (परभणी)

नाही चालणार. वायर जिथं बारीक होती तिथं परत फ्यूज लागतो. हा नियम सोडू नका.

डिकीतून अँपपर्यंत तुम्ही १० स्क्वेअर टाकाल. ती वायर शॉर्ट झाली तर पुढचा १०० चा फ्यूज २५ स्क्वेअरला सांभाळणारा आहे, तो १० स्क्वेअरला वेळेवर वाचवेल याची खात्री नाही. म्हणून फ्यूजवालं डिस्ट्रिब्युशन ब्लॉक घ्या. चार चॅनलच्या फाट्याला ५०, मोनोच्या फाट्याला ६०. ताईंच्या ७५ टक्क्यांच्या हिशोबानं पण तेच येतं, ३२ ला ५० आणि ४५ ला ६०.

अर्थची वायर प्लसइतकीच जाड, पण फ्यूज फक्त प्लसला. अर्थ दीड फुटाच्या आत बॉडीला, रंग खरवडून, दोन्ही अँपचा एकाच बोल्टला. सीट बेल्टचा बोल्ट वापरू नका, तो जिवाचा बोल्ट आहे. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, बॉनेटमधे सगळीकडं कोरुगेटेड पाइप.

जायकवाडी_सर्व्हेअर (पैठण)

दोन ओळी विम्याच्या. नंतर बसवलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणं पॉलिसीत वेगळी नोंदवता येतात, आयएमटी २४ नावाचं एन्डॉर्समेंट असतं, थोडा जादा प्रीमियम लागतो. वस्तूंची बिलं जपून ठेवा. आणि कंपनीची मूळ वायरिंग कापू नका, कपलर (न कापता जोडायचा प्लग) वापरा. कापलेल्या वायरिंगवरून वॉरंटीचा वाद हमखास होतो.

बालाघाट_ट्रॅक्टर (केज)

रामराम. धागा कारचा हाय पण आमचं बी विचारतो. ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर हाय. हंगामात रात्र-रात्र कारखान्यावर लाइनीत उभं राहावं लागतं, झोप येऊ नये म्हणून टेप लागतोच. अँपच्या अंगावर २० चा एक फ्यूज हाय. वायर घरच्या फिटिंगची, बॅटरीला डायरेक्ट चिमटा लावून. बॅटरीजवळ फ्यूज नाही. गेल्या हंगामात अँपवरचा फ्यूज उडाला तवा ड्रायव्हरनं पुडीची चांदी गुंडाळून चालू केलं होतं. काही झालं नाही, पण आता हे वाचून काळजी लागली.

वायरिंगकाका (परभणी)

पाटील, तुमचा प्रश्न कारपेक्षा मोठा आहे. ट्रॅक्टरच्या मागं दोन ट्रॉल्या वाळलेल्या पाचटासकट, खाली डिझेलची टाकी, आणि ड्रायव्हर बऱ्याचदा वरच झोपलेला. ठिणगीला इतकं खाद्य कारमधे कुठं असतं? माझ्याकडं ट्रॅक्टर आला की मी आधी बॅटरीचा चिमटा काढून ठेवतो, मग बाकीचं काम विचारतो.

असं करा. बॅटरीच्या प्लसला थिंबल लावून बोल्ट आवळा, चिमटा नको. तिथून वीतभर अंतरावर वॉटरप्रूफ झाकणाचा ब्लेड होल्डर. त्यात २५ चा पांढरा फ्यूज. वायर ४ स्क्वेअर तांब्याची, घरातली १.५ ची किंवा १ ची नको. हुडापर्यंत कोरुगेटेड पाइपातून, सायलेन्सरपासून लांब, आणि मडगार्डच्या कडेला जिथं घासती तिथं रबर. अँपवर तो २०चाच राहू द्या.

बॅटरीजवळ २५ आणि अँपवर २० असं मुद्दाम सांगतोय. अँपमधे बिघाड झाला तर शक्यतो २० चा आधी उडतो, ड्रायव्हरला समोर दिसतो. २५ चा उडाला तर वायरीत शॉर्ट आहे, तवा वायर तपासल्याशिवाय नवीन टाकायचा नाही, मग कारखान्याच्या दारात असला तरी. टेप बंद ठेवून ट्रॅक्टर चालतो.

पुडीच्या चांदीचं सांगतो. ती चांदी किती अँपियरला जाईल ते कुणालाच माहीत नसतं. ती लावली की त्या वायरीला फ्यूजच नाही. स्पेअर फ्यूज २० चे आणि २५ चे हुडात डबीत ठेवा. ड्रायव्हरजवळ फ्यूज असला की तो चांदी शोधत नाही.

प्रवाहिनी (छत्रपती संभाजीनगर)

काकांच्या उत्तरात एक भर. बऱ्याच ट्रॅक्टरांचा अल्टरनेटर ३५-४० अँपियरच्या आसपासचा असतो. रात्री हेडलाइट आणि मागचे दिवे चालू असताना त्यातले १०-१५ गेले. लाइनीत इंजिन बंद करून तासन्‌तास वाजवलं तर पहाटे सेल्फ घेणार नाही, ते वेगळंच संकट. अँप छोटाच ठेवा.

बालाघाट_ट्रॅक्टर (केज)

पटलं काका, ताई. चिमटा आजच काढतो. गावात असे बरेच ट्रॅक्टर हायेत, त्यांना बी सांगतो.

मांजराकाठ (लातूर)

काम झालं. २५ स्क्वेअर, बॅटरीपासून फूटभरावर १०० चा एएनएल, डिकीत ५० आणि ६०. अर्धा तास जोरात वाजवून मीटर लावला. बॅटरीवर १३.९, अँपच्या टर्मिनलवर १३.७. आवाजातही फरक जाणवतोय, वूफरच्या ठोक्याला आता हेडलाइट मंद होत नाहीत.

एक शंका. मेन फ्यूजचा होल्डर हात लावून बघितला तर बॅटरीकडची बाजू कोमट आहे, डिकीकडची बाजू चांगली गरम. फ्यूज कमी पडतोय का?

वायरिंगकाका (परभणी)

फ्यूज कमी पडला असता तर पट्टी मधोमध तापली असती, दोन्ही बाजू सारख्या गरम लागल्या असत्या. एकच बाजू गरम म्हणजे त्या बाजूचा सांधा. नट सैल आहे, नाहीतर थिंबल नीट दाबलेलं नाही. बॅटरीचा मायनस काढा, मग ती बाजू खोला. थिंबल धरून वायर जोरात ओढून बघा.

प्रवाहिनी (छत्रपती संभाजीनगर)

ओढण्याआधी एक माप घ्या, म्हणजे खात्री होईल. मीटर मिलिव्होल्टवर ठेवा, गाणं चालू असताना एक टोक फ्यूजच्या पट्टीला, दुसरं वायरच्या तांब्याला. दोन्ही बाजूंचं माप घ्या. ज्या बाजूला आकडा कितीतरी जास्त येईल तो सांधा खराब. करंट मोजायचा असेल तर डीसी क्लॅम्प मीटर लागेल. वायरमनकडे बहुतेक वेळा फक्त एसीचा असतो, तो इथे काहीच दाखवणार नाही.

मांजराकाठ (लातूर)

बॅटरीकडे ४ मिलिव्होल्ट, डिकीकडे ३८. खोललं तर डिकीकडचं थिंबल फिटरने हातोडीने चेपलेलं निघालं, थोडं ओढल्यावर वायर सरकली. रिवाइंडिंगच्या दुकानातून नवीन थिंबल प्रेसने दाबून घेतलं. आता दोन्हीकडे ४-५ च्या आत आणि हाताला सारखंच लागतंय.

वायरिंगकाका (परभणी)

आता बरोबर. नवीन सांधा बसायला वेळ घेतो, म्हणून महिनाभरानं नट परत एकदा आवळून घ्या. आणि १०० चा एक एएनएल ग्लोव्ह बॉक्समधे ठेवा. वाटेत १५० चाच मिळतोय म्हणून तो टाकायची वेळ येऊ देऊ नका.